अफूच्या वाटा आणि कायद्याच्या चौक्या

माळव्याच्या काळ्याभोर, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत दिवाळीच्या पुढेमागे खसखशीचे बी पेरले जाते, माघ-फाल्गुनात फुलांच्या पाकळ्या गळून हिरवी बोंडे उरतात, आणि मग दिवस कलल्यावर त्या बोंडांना बारीक धारेच्या हत्याराने चिरा देऊन रात्रभर पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी खरवडून घेण्याचे नाजूक काम घरातली लहानथोर सारी माणसे करतात. हा चीक सुकून वाया जाऊ नये म्हणून तो अळशीच्या तेलात ठेवण्याची माळव्याची जुनी रीत होती. उज्जैन, इंदूर, रतलाम, मंदसोर ही या मालाची मोठी ठाणी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यांतला बराचसा मुलूख शिंदे-होळकरांच्या अमलाखाली असल्यामुळे अफूची लागवड, तिच्यावरची जकात, तिच्या भरवशावर सावकारांनी रयतेला दिलेली तगाई आणि तिच्यातून दरबाराच्या खजिन्यात पडणारी रक्कम या सर्व गोष्टी मराठी राज्यकारभाराच्या नित्य हिशेबातल्या होत्या. अमली पदार्थांवर बंदी घालून ते नाहीसे करता येतात काय, हा प्रश्न आज जो वाद उत्पन्न करतो तो केवळ आजचा नव्हे. या मुलखात तो दोनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष कसोटीस लागला होता, आणि त्या कसोटीचा निकाल मला आजही विचार करण्याजोगा वाटतो.

बंगाल आणि बिहारकडच्या अफूवर कंपनी सरकारने १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दीत आपला मक्ता बसवला. पाटणा आणि बनारस प्रांतांतला माल रयतेकडून ठरावीक दराने घ्यावयाचा, कलकत्त्यास लिलावात विकावयाचा, आणि तेथून खासगी व्यापाऱ्यांनी तो चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवावयाचा, अशी ही व्यवस्था होती. कारण चीनच्या बादशाहीने १७२९ मध्ये आणि पुन्हा १७९९ मध्ये अफूला मनाई केलेली होती. या मक्त्याला माळव्याच्या अफूने धक्का दिला. तो माल कंपनीच्या हुकमतीबाहेर पिकत होता, स्वस्त होता, आणि पश्चिम किनाऱ्यावरून थेट मकावला जाऊ शकत होता. तेव्हा १८०५ मध्ये कंपनीने मुंबईच्या बंदरातून माळव्याची अफू नेण्यास बंदी केली. या बंदीमागे चिनी माणसाच्या आरोग्याची चिंता नव्हती, माळव्याच्या शेतकऱ्याच्या कल्याणाचीही नव्हती. पाटण्याच्या पेटीचा भाव पडू नये एवढाच तिचा हेतू होता. परंतु हेतू बाजूला ठेवून केवळ साधन म्हणून बंदीकडे पाहिले, तर ती अमलात आणणाऱ्या सत्तेपाशी त्या काळच्या हिंदुस्थानात सर्वांत मोठी फौज, आरमार आणि दप्तर होते, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

आणि तरीही ती बंदी चालली नाही. मुंबई बंद झाली तेव्हा माल दमणला जाऊ लागला, कारण दमण पोर्तुगिजांचे होते आणि तेथल्या जकातदारास हा व्यापार हवाच होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याच वर्षी होळकरांशी मंदसोरचा तह झाला, आणि कंपनीला वाटले की आता माळवाच आपल्या हाती आला असता अफूची नाकेबंदी करणे अवघड जाऊ नये. प्रथम तिने स्वतःच माळव्यात माल खरेदी करून बाजार आपल्या मुठीत आणण्याचा प्रयत्न केला. पण सरकारसारखे मोठे गिऱ्हाईक बाजारात उतरल्याने भाव चढला आणि भाव चढल्याने लागवड वाढली. मग तिने संस्थानिकांशी करारमदार करून, त्यांना नुकसानभरपाई देऊन, लागवड मर्यादित ठेवण्याचा आणि मालाची वाहतूक रोखण्याचा मार्ग धरला. होळकरांसह अनेकांनी करार केले. शिंद्यांच्या दरबाराने तो केला नाही, आणि शिंद्यांचा मुलूख माळव्यात असा तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता की तेवढी एक फट सारा बांध निरुपयोगी करण्यास पुरेशी होती. गुजरातेकडच्या घाटांवर चौक्या बसल्या, झडत्या सुरू झाल्या, माल जप्त होऊ लागला. तेव्हा अफूने आपला मोहरा उत्तरेस वळवला. उंटांचे तांडे मारवाडातील पालीस जात, तेथून जैसलमेरचे वाळवंट ओलांडून सिंधच्या तालपूर अमिरांच्या कराची बंदरात उतरत, आणि तेथून गलबतांवर चढलेला माल समुद्रमार्गे पुन्हा दमणला येऊन मकावकडे रवाना होई. एवढा प्रचंड वळसा, वाटेवरचे इतके दरबार, इतक्या जकाती आणि इतके धोके सोसूनही व्यापार फायद्याचा राहिला, यावरून जिला गिऱ्हाईक आहे अशी वस्तू रोखण्याची किंमत किती असते याची कल्पना यावी.

या व्यापाराच्या मुंबईच्या टोकाला जी माणसे उभी होती ती हलक्या दर्जाची गुन्हेगार माणसे नव्हती. जमशेटजी जिजीभाई, ज्यांना पुढे सरकारने सर ही पदवी दिली आणि ज्यांच्या दानधर्माने मुंबईत रुग्णालय उभे राहिले; मोतीचंद अमीचंद, ज्यांचे नाव शत्रुंजयावरील मंदिरांशी जोडलेले आहे; आणि गोवेकर वंशाचे रोजेरिओ द फारिया, ज्यांचा दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी निकटचा संबंध होता, अशी ही प्रतिष्ठित मंडळी होती. कंपनीच्या दृष्टीने जी चोरटी निर्यात होती, तीच शहराच्या दृष्टीने भांडवलाची गंगोत्री होती. ज्या बंदीला समाजातील कर्त्या माणसांचे अंतःकरणपूर्वक साहाय्य नाही आणि जी राजसत्तेच्या हिशेबाखेरीज दुसऱ्या कोणत्याही भूमीवर उभी नाही, तिच्या वाट्यास याहून निराळे काही येणे शक्य नव्हते.

शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने माघार घेतली. बंदी उठवून तिने परवान्याची पद्धत आणली: माळव्याची अफू मुंबईस आणावयाची असेल तर दर पेटीमागे ठरावीक रक्कम भरून परवाना घ्यावा, इंदुरासारख्या ठिकाणी सरकारी काट्यावर माल तोलून घ्यावा, आणि राजरोस बंदराकडे न्यावा. आरंभी हा दर १७५ रुपये होता. पण त्या दराने व्यापारी कराची-दमणची वाट सोडीनात, म्हणून १८३५ मध्ये तो १२५ वर उतरवावा लागला. पुढे १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट आपोआप सरकारच्या हाती आली, आणि मग मात्र तोच दर चढत चढत १८४७ मध्ये ४०० रुपयांवर गेला. या आकड्यांत मला अमली पदार्थांच्या कायद्याचे एक मर्म दिसते. परवान्याचा दर सरकार ठरवत नव्हते. चोरवाटेचा खर्च तो ठरवत होता. चोरवाट जितकी सुलभ, तितका कायदेशीर वाटेवरचा भार कमी ठेवावा लागतो. आणि हा हिशेब न जाणता घातलेला भार, मग तो कराचा असो वा शिक्षेचा, माणसांना चोरवाटेवरच लोटतो.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बंदी फसली आणि परवाना यशस्वी झाला म्हणून परवाना पुण्यवान ठरत नाही. मुंबईच्या खजिन्याला ज्यातून लाखो रुपये मिळाले, त्याच मालाने चीनमधील कुटुंबेच्या कुटुंबे देशोधडीस लावली. १८३९ मध्ये लिन झेश्यू या अधिकाऱ्याने कँटनजवळ अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, आणि त्याबद्दल चीनला युद्ध, पराभव आणि मानहानी सोसावी लागली. दादाभाई नौरोजींनी या व्यापाराला इंग्लंडवरील कलंक म्हटले ते यथार्थच होते. जे सरकार अमली पदार्थ विकून स्वतःचा खजिना भरते, त्याला गिऱ्हाईक कमी व्हावे असे कधी वाटत नाही. म्हणून व्यसनी माणसास गुन्हेगार मानू नये असे जे मी पुढे म्हणणार आहे, त्याचा अर्थ अफूची पेढी सरकारने उघडावी असा कोणी करू नये.

बंदी करावी की परवाना द्यावा, या प्रश्नाचा पहिला सांगोपांग विचार झाला तो गांजाच्या निमित्ताने. १८९३ च्या मार्चमध्ये विल्यम केन या मद्यनिषेधवादी सभासदाने विलायतेच्या पार्लमेंटात बंगालमधील गांजाच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न विचारला, आणि त्यातून त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सभासदांत राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ होते. या आयोगाने सत्तर प्रश्नांची यादी तयार केली, प्रांतोप्रांती फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकले, आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, वैद्य, मिशनरी, जमीनदार, लागवड करणारे शेतकरी, दुकानाचे ठेकेदार, बैरागी, गोसावी अशा सर्व थरांतील लोक त्यात बोलले आहेत. परक्या सरकारने केलेल्या चौकशांपैकी फार थोड्या चौकशा इतक्या सचोटीने झाल्या असतील.

मुंबई इलाख्यात त्या वेळी गांजाची लागवड मुख्यत्वे अहमदनगर जिल्ह्यात होत असे. शेतातली नर-झाडे ओळखून उपटून टाकावयाची, मादी-झाडांचे फुललेले शेंडे कापून खळ्यावर पसरावयाचे, आणि पायांखाली तुडवून ते चपटे करावयाचे, असे हे काम होते. तयार माल परवानेदार व्यापाऱ्यांकडे जाई आणि तेथून ठेक्याच्या दुकानांत. पंढरीच्या वाटेवरच्या गोसाव्यापासून तालमीतल्या पहिलवानापर्यंत, आणि दिवसभर अंगमेहनत करून रात्री चिलमीचे दोन झुरके घेणाऱ्या मजुरापर्यंत, त्याचे गिऱ्हाईक पसरलेले होते. आणि समाज त्यांतल्या अतिरेक्याची निंदा करीत असला तरी बाकीच्यांकडे काणाडोळा करीत असे.

आयोगापुढचा सर्वांत गंभीर आरोप असा होता की गांजाने माणसे वेडी होतात, आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी पुढे केल्या जात. आयोगाने या नोंदी नुसत्या मोजल्या नाहीत. त्या कशा तयार होतात हे तपासले. तेव्हा असे आढळले की रस्त्यात भटकणारा वेडा पकडून आणणारा पोलीस शिपाई किंवा त्याची चौकशी करणारा दंडाधिकारी 'वेडाचे कारण' या रकान्यात काही तरी लिहिणे भागच आहे म्हणून गांजा असे लिहून मोकळा होत असे, इस्पितळातला अधिकारी ते कारण तसेच आपल्या रजिस्टरात उतरवून घेई, आणि वर्षअखेरीस त्याच नोंदींतून एक शास्त्रीय वाटणारा तक्ता सरकारकडे जाई. १८९२ सालच्या नोंदी एकेक करून पडताळल्यावर एकूण १,३४४ रुग्णांपैकी केवळ ९८ जणांच्या बाबतीत गांजा-भांगेचा संबंध वाजवीपणे मानता येईल असे आयोगास दिसले. आयोगाचा निष्कर्ष असा की मर्यादित सेवनाने शरीराला, बुद्धीला वा नीतीला म्हणण्यासारखा अपाय होत नाही. अतिरेकाने होतो, परंतु तो अतिरेक करणाऱ्यापुरताच बहुधा राहतो.

याहून महत्त्वाची वाटते ती बंदीविरुद्धची आयोगाची कारणमीमांसा. जे झाड रानोमाळ आपोआप उगवते त्यावर पहारा ठेवणे अशक्य आहे. साधूसंन्याशांच्या आचारात शिरलेल्या गोष्टीवर घाला घातल्याने असंतोष आणि जुलूम दोन्ही वाढतील. आणि गांजा मिळेनासा झाला तर माणसे त्याहून घातक पदार्थांकडे, धोतऱ्याकडे किंवा दारूकडे, वळतील. म्हणून आयोगाने सुचविले की लागवडीस परवाना असावा आणि ती एका जागी आणावी, कर पुरेसा असावा, दुकाने मोजकी असावीत, आणि एका माणसाने जवळ बाळगावयाच्या मालाला मर्यादा असावी. यांत व्यसनाची भलावण कोठेही नाही. वस्तू सरकारच्या दृष्टीआड होऊ नये एवढाच त्यातला आग्रह आहे, आणि तो मला आजही शहाणपणाचा वाटतो.

त्याच सुमारास नेमलेल्या लॉर्ड ब्रॅसी यांच्या अफू आयोगाविषयी मात्र तितक्याच आदराने बोलता येत नाही. त्याच्यापुढे चीनच्या व्यापारातले प्रचंड उत्पन्न होते, आणि हेन्री विल्सन या सभासदाने भिन्नमतपत्रिका जोडून दाखविल्याप्रमाणे पुराव्याची मांडणीही सरकारच्या सोयीने झाली होती.

अफूच्या बाबतीत मुंबईला जवळून दिसलेले दुःख निराळेच होते. गिरणगावात तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देण्याची चाल सर्रास होती, कारण आई पहाटे गिरणीत जाई ती दिवे लागल्यावर परत येई, आणि तोवर मूल झोपून राहिले पाहिजे. या चालीवर सुधारकांनी, डॉक्टरांनी आणि सरकारी अहवालांनी कडाडून टीका केली, ती योग्यच होती; पण त्या गोळीचे मूळ अफूच्या दुकानात शोधणे म्हणजे आईच्या अगतिकतेकडे पाठ फिरविणे होते. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. गिरणीतल्या पाळणाघराची आणि बाळंतिणीच्या पगाराची मागणी करणाऱ्यांनी त्या मुलांसाठी जे केले, ते दुकानांवरील कोणत्याही धाडीने होण्याजोगे नव्हते. व्यसनाच्या मागे उभी असलेली गरज पाहणे हेच या प्रश्नातले अर्धे काम आहे, आणि कायदा करणारे नेमके तेच विसरतात.

आपल्या राष्ट्रीय चळवळीने बंदीचा ध्वज उचलला तो अशा अंधपणाने मुळीच नव्हे. अबकारी म्हणजे परक्या सरकारने गरिबाच्या खिशातून काढलेला पैसा, हे सूत्र लोकांना पटलेले होते; १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले तेव्हा ते मद्यपानाशी जितके लढत होते तितकेच साम्राज्याच्या महसुलाशीही. स्वराज्य आल्यावर ही भावना घटनेच्या ४७ व्या कलमात उतरली, आणि मादक पेये व आरोग्यास अपायकारक अमली पदार्थ यांच्यावर, औषधाखेरीज, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे ठरले. त्यापूर्वीच १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आलेला होता, आणि अफू-गांजाही त्याच्या कक्षेत होते. त्याची पुढची कहाणी मराठी वाचकास सांगावयास नको: हातभट्ट्या गावोगाव आणि झोपडपट्ट्यांतून पेटल्या, सधन माणसाला प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळाला आणि गरिबाला विषारी दारू, आणि साठीच्या दशकात सरकारलाच तो कायदा सैल करावा लागला.

याच काळात अफूच्या बाबतीत मात्र एक धीमा आणि विवेकी प्रयोग झाला, त्याची आठवण फारशी राहिलेली नाही. १९४९ मध्ये असे ठरले की औषधाखेरीज खाण्यासाठी विकली जाणारी अफू एकदम बंद न करता दहा वर्षांत क्रमाक्रमाने कमी करावी. त्याप्रमाणे दुकानांना मिळणारा साठा दर साल घटत गेला, आणि १९५९ च्या एप्रिलपासून सर्वसाधारण विक्री थांबली. मात्र ज्यांचे शरीर अफूशिवाय चालत नाही असे डॉक्टरांनी ठरवले, त्यांची नावे नोंदवून त्यांना ठरावीक मात्रा मिळण्याची सोय ठेवली. कित्येक वृद्ध माणसे त्या नोंदीच्या आधाराने, कोणाच्या दारात लाचार न होता, आपले उरलेले आयुष्य जगली. अफूखाऊ माणसांची पिढी हळूहळू ओसरली. बंदी यशस्वी होते काय असे कोणी विचारले, तर याच उदाहरणाकडे मी बोट दाखवीन, आणि हेही सांगेन की तिच्यात घाई नव्हती, सूड नव्हता, आणि सवयीच्या आहारी गेलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडून दिलेले नव्हते.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही सवलतीची मुदत संपविण्याचे बंधन आणले. गांजाचे औषधेतर सेवन पंचवीस वर्षांत थांबविण्याची अट त्यात होती. हिंदुस्थानच्या आग्रहास्तव भांगेची पाने त्यातून वगळली गेली, आणि म्हणून आजही एकाच झाडाचे पान शिवरात्रीला प्रसाद ठरते व त्याच झाडाचा शेंडा गुन्हा. दरम्यान ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांच्या उलथापालथीत, पश्चिमेकडून आलेली कच्ची हेरॉइन मुंबईच्या गल्ल्यांत पोचली. लोकांनी तिला गर्द म्हटले. चांदीच्या कागदावर तापवून तिचा धूर ओढणारी पोरे स्टेशनांच्या आडोशाला दिसू लागली, मध्यमवर्गाच्या घरांतूनही भांडी आणि दागिने नाहीसे होऊ लागले, आणि साऱ्या समाजाला हादरा बसला.

या हादऱ्याला दोन उत्तरे मिळाली, आणि ती जवळजवळ एकाच वेळी मिळाली. पहिले होते १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आलेला अमली पदार्थांचा कायदा. अफू, चरस आणि हेरॉइन यांसाठी त्याने किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली. स्वतःच्या सेवनासाठी अल्प मात्रा बाळगणाऱ्यास शिक्षा कमी होती खरी, पण हेरॉइनची ही अल्प मात्रा अवघी पाव ग्रॅम ठरवली गेली, आणि माल स्वतःसाठीच होता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला गेला. पाव ग्रॅमची सीमा ओलांडणारा व्यसनी आणि पोती भरून माल नेणारा व्यापारी यांना एकाच तागडीत तोलणारा हा कायदा २००१ मध्ये दुरुस्त होऊन मात्रेप्रमाणे शिक्षेचे टप्पे पडेपर्यंत सोळा वर्षे चालला. १९८९ च्या दुरुस्तीने तर काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी देहांताची शिक्षा सक्तीची केली होती. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरविली. दुसरे उत्तर होते पुण्याचे मुक्तांगण. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी ते व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तेथे येणाऱ्यास रुग्णमित्र म्हणतात. एका उत्तराने माणसाला कलमाखाली बसविले, दुसऱ्याने त्याला समोर बसवून त्याच्याशी बोलणे सुरू केले.

पहिल्या उत्तराचे फळ काय मिळाले? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार गांजा, चरस वा भांग वर्षभरात सेवन केलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे: अफूजन्य पदार्थांत हेरॉइन घेणारे लोकसंख्येच्या १.१४ टक्के, औषधी गोळ्या-इंजेक्शनांचा गैरवापर करणारे ०.९६ टक्के, आणि साधी अफू वा डोडे (अफूची वाळलेली बोंडे) घेणारे ०.५२ टक्के. माळव्याच्या वाटेवर जे झाले तेच येथे वेगळ्या तऱ्हेने झाले. शिक्षा सारखीच असेल तर व्यापारी जड आणि वासाचा माल टाकून हलका, जहाल आणि लपविण्यास सोपा माल उचलतो. अफूची जागा हेरॉइन घेते, खाण्याची जागा धूर घेतो, आणि धुराची जागा सुई. गांजा बंद केल्यास लोक त्याहून घातक वस्तूकडे वळतील ही १८९४ च्या अहवालातील भीती अफूच्या बाबतीत तरी शब्दशः खरी ठरली.

या कायद्याचा एक बळी असा आहे की त्याचा व्यसनाशी काडीचाही संबंध नव्हता. मंदसोर, नीमच, रतलाम भागांत आजही सरकारच्या पट्ट्यावर अफू पिकते, ग्वाल्हेरच्या केंद्रीय कचेरीतून तिचा हिशेब ठेवला जातो, आणि जगाच्या वेदनाशामक औषधांसाठी ती पुरविली जाते. परंतु १९८५ नंतर परवान्यांचे जाळे इतके गुंतागुंतीचे आणि शिक्षेचे भय इतके तीव्र झाले की रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि एका तपाच्या आसपास देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. ज्या देशाच्या शेतांत हे औषध उगवते त्या देशातील कर्करोगाचे रुग्ण तळमळत मेले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट थोडी मोकळी झाली; मध्ये गेलेल्या वर्षांतील वेदनांची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही, आणि हे लिहिताना मन व्यथित झाल्यावाचून राहत नाही.

मग करावे काय? पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवसांपुरता साठा बाळगणाऱ्यास फौजदारी न्यायालयातून वगळून, कायदा, समाजसेवा आणि मानसशास्त्र जाणणाऱ्यांच्या मंडळापुढे नेण्याची पद्धत सुरू केली, आणि ती टिकली, कारण वाचलेला पैसा आणि श्रम तेथे उपचारांकडे वळविले गेले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० च्या जनमताने शिक्षा काढली, पण उपचारांची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही, आणि २०२४ मध्ये तेथल्या विधिमंडळाने शिक्षा परत आणली. दोन्ही उदाहरणे एकत्र वाचली पाहिजेत. शिक्षा काढणे हे काम एका ठरावाने होते. दवाखाना, समुपदेशक, निवारा आणि रोजगार उभारणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि ते न करता केलेले पहिले काम लोकांच्या मनातून उतरते.

आपल्याकडे त्याचा पाया घालण्यास नवा ग्रंथ लिहावा लागणार नाही. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच स्वतःच्या सेवनासाठी अल्प मात्रा बाळगणे गुन्ह्याच्या यादीतून काढावे अशी शिफारस केल्याचे प्रसिद्ध झाले होते. १९८५ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम, ज्याखाली केवळ सेवनासाठी पदार्थाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत किंवा वर्षापर्यंत कैद होऊ शकते, ते रद्द करावे. व्यापाऱ्यासाठी असलेली कलमे राहू द्यावीत. त्याबरोबर ६४-अ हे कलमही बदलले पाहिजे. जो व्यसनी स्वेच्छेने उपचार घेतो त्याच्यावर खटला चालवू नये, असे हे दयाळू कलम म्हणते. पण त्याने उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. मुक्तांगणासारख्या कोणत्याही ठिकाणी काम केलेला माणूस सांगेल की पुन्हा घसरणे हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेस बरे झालेली माणसे तेथे पुष्कळ आहेत. ज्या दिवशी तो घसरतो त्याच दिवशी त्याला दवाखान्याची सर्वाधिक गरज असते, आणि कायदा नेमका त्याच दिवशी त्याला पोलिसांच्या हवाली करतो.